नाणं वाजवून घ्या



२००८ च्या १० डिसेंबरला मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला ६० वर्षं पुरी झाली. त्याचं निमित्त करून युरोपातल्या चार देशांनी २००८ सालात एकेक खास नाणं काढलं. बेल्जियम, इटली, फिनलंड आणि पोर्तुगाल हे ते देश. नाणं २ युरोचं. तेव्हाच्या भावानं आपले सव्वाशे-एकशेतीस रुपये होत होते, म्हणजे आपल्याकडच्या मजुराची तेव्हाची साधारण दोन दिवसांची मजुरी. बेल्जियमनं अशी ५० लाख नाणी पाडली, इटलीनं २५ लाख, फिनलंडनं १५ लाख.

यातली दोन नाणी तालुक्याच्या शिबिरात शहरातल्या एका पाहुण्यांनी दाखवली. "बघा, तुमच्या हक्कांचा जगात केवढा सन्मान झालाय," असं ते म्हणाले. पाहुणे चांगले माणूस आहेत, आपल्या मोर्चाला येतात, त्यांच्यावर आमचा राग नाही. पण नाणं हातोहात फिरलं तेव्हा मागं बसलेल्या एका आजीनं विचारलं, "ह्याच्यात आपला प्लॉट कुठं हाय?" लोक हसले. आम्हाला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. आजीचा सवाल खरा आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला हा लेख आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर बाकीच्यांना वाचून दाखवावा.

हक्क छापला, पण किंमत कशाची?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. ते २ युरोचं नाणं घेऊन तुम्ही युरो चालणाऱ्या कुठल्याही देशात गेलात, तर दुकानदाराला ते घ्यावं लागतं. तो असं म्हणू शकत नाही की साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या. हे नाणं तुमच्याकडं २००५ च्या आधीपासून होतं का, पुरावा दाखवा, असंही तो विचारत नाही. नाणं टाकलं की पाव मिळाला. त्यामागं सरकार उभं आहे, कायदा उभा आहे, बँक उभी आहे.

आता त्याच नाण्यावर जे लिहिलंय त्याचं बघा. त्यावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं नाव आहे. त्या जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत. पण ते कलम घेऊन तुम्ही कुठल्या कचेरीत गेलात आणि म्हणालात की हे घ्या आणि माझी जमीन द्या, तर कोणी देत नाही. कारण तो जाहीरनामा आहे, कायदा नाही. १९४८ साली पॅरिसला मतदान झालं तेव्हाच सगळ्या देशांना हे माहीत होतं. ४८ देशांनी बाजूनं मत दिलं, ८ तटस्थ राहिले, विरोधात एकही नाही. विरोध कोण कशाला करेल? त्यातलं काही द्यायचं बंधनच नव्हतं.

म्हणजे बघा, त्या नाण्यावरचा २ हा आकडा सगळीकडं चालतो आणि त्याच्या दुसऱ्या बाजूचे हक्काचे शब्द कुठंच चालत नाहीत. कानस घेऊन ते शब्द घासून काढा, नाणं २ युरोचंच राहील. आकडा घासून काढा आणि हक्काचे शब्द तेवढे ठेवा, मग त्याला भंगारवालाही विचारणार नाही. आमच्या मते सगळी गोम इथंच आहे. सरकारला जे खरोखर द्यायचं असतं त्यामागं ते कायदा आणि पोलीस उभे करतं. जे द्यायचं नसतं त्याचा सन्मान करतं.

कणीस आहे, शेत नाही

इटलीच्या नाण्यावर चित्रं आहेत. एक बाई आणि एक बाप्या. त्यांच्यासोबत ऑलिव्हची फांदी, धान्याचं कणीस, यंत्राचं दातेरी चाक आणि काटेरी तार. फांदी म्हणजे शांततेचा हक्क, कणीस म्हणजे अन्नाचा, चाक म्हणजे कामाचा आणि तार म्हणजे स्वातंत्र्याचा. तुटलेल्या साखळीच्या कड्यांनी ६० हा आकडा काढलाय. चित्र चांगलं आहे. ज्यानं काढलं त्याच्या मनात वाईट नसणार.

पण आपण शेतकरी माणसं. आपल्याला पहिला प्रश्न पडतो की हे कणीस उगवलं कुठं? नाण्यावर कणीस आहे आणि शेत नाही. कामाचं चाक आहे आणि ज्या जंगलातनं आपण मोह, डिंक, टेंभुर्णीची पानं, गवत, सरपण आणतो ते जंगल नाही. अन्नाचा हक्क म्हणजे काय रेशनच्या दुकानासमोर लाईन लावायचा हक्क? नाचणी-वरई पेरायला जागा नसेल तर अन्नाचा हक्क दुसऱ्याच्या हातात राहतो. तो देईल तेव्हा खायचं, नाही दिलं तर उपाशी राहायचं नाहीतर वीटभट्टीवर जायचं.

काटेरी तारेचं तर आम्हाला जास्तच वाटलं. त्यांच्याकडं तार म्हणजे तुरुंगाच्या छावण्या. मोठ्या लढाईत माणसं कोंडून मारली, त्याची ती आठवण आहे. ती आठवण त्यांनी ठेवावीच. पण आमच्याकडं तार येते ती रोपवनाची. काल जिथं खुरासणी होती तिथं आज तार आणि पाटी, आणि आत सागाची रोपं. माणूस तारेच्या बाहेर. ज्यांना तार म्हटल्यावर आत कोंडलेला माणूस दिसतो, त्यांना बाहेर हाकललेला माणूस पण दिसायला पाहिजे.

नाणं पाडणारे हात

जे चार देश हक्कांच्या नावानं नाणी पाडतात त्यांचा इतिहास थोडा बघू. शिव्या द्यायला नाही, आपल्याशी त्याचा संबंध आहे म्हणून.

१९४८ साली मत द्यायला या चौघांतला एकटा बेल्जियम हजर होता. इटली, फिनलंड आणि पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात आले १९५५ साली. आणि बेल्जियमनं 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' या कलमाला हात वर केला तेव्हा आफ्रिकेतला काँगो हा देश त्याच्या ताब्यात होता. ३० जून १९६० पर्यंत होता. म्हणजे मत दिल्यावरही साडेअकरा वर्षं.

काँगोत काय केलं ते आपल्या प्रत्येक प्लॉटधारकानं ऐकलं पाहिजे. १८८५ साली बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोचा मालक झाला. त्याच वर्षी १ जुलैला हुकूम निघाला की जी जमीन मोकळी आहे ती राज्याची. मोकळी कुठली? जिथं झोपडी नाही, उभं पीक नाही ती. आता जंगलात राहणाऱ्या माणसाची जमीन अशी असते का? आज इथं पेरतो, उद्या तिला विसावा देतो, दुसरीकडं शिकार, तिसरीकडं कंदमुळं. हे सगळं एका हुकमानं 'मोकळं' झालं. मग त्याच माणसांना त्याच जंगलातनं राजासाठी रबर आणायला लावलं. ठरल्याएवढं रबर आलं नाही म्हणून माणसांचे हात तोडले. याची बोंब जगभर झाली तेव्हा १९०८ साली राजाकडून काँगो बेल्जियम सरकारनं घेतला. राजाचा गेला आणि सरकारचा झाला. काँगोच्या माणसाचा झालाच नाही.

आणि आपल्याकडं? लिओपोल्डच्या हुकमाच्या सात वर्षं आधी, १८७८ साली, इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला आणि रानं 'राखीव' करायला घेतली. १९२७ ला दुसरा कायदा केला, तो अजून चालू आहे. राब तोडायला गेलो तर गुन्हा, बैल सोडला तर गुन्हा, लाकूड आणलं तर गुन्हा. काँगोत 'मोकळी' म्हणाले, इथं 'राखीव' म्हणाले. दोन्हीचा अर्थ एकच झाला, की तुम्ही इथं नव्हताच. आज त्याला 'अतिक्रमण' म्हणतात.

पोर्तुगाल तर आपल्याला लांबचा नाहीच. तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या कितीतरी घरांची सोयरीक पलीकडं खानवेल-सिलवासाकडं आहे. १९४८ साली तो दादरा-नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तिथले वारली, कोकणा, धोडिया पोर्तुगीजांचे रयत होते. तो सुटला १९५४ च्या ऑगस्टात. गोवा सुटला १९६१ ला. आफ्रिकेत अंगोला, मोझांबिकमध्ये पोर्तुगालचा कायदाच होता की तिथला मूळचा माणूस 'इंडिजेना', नागरिक नाही. नागरिक व्हायला त्यानं पोर्तुगीजासारखं बोलावं, राहावं, आणि तसं सिद्ध करावं. तो कायदा १९६१ पर्यंत टिकला. हे लिहितो ते पोर्तुगालच्या लोकांना दोष द्यायला नाही. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर हुकूमशाही होती आणि १९७४ साली त्यांनी ती उलथून टाकली. आम्ही म्हणतो ते एवढंच, की नाण्यावर यातलं काही लिहिलेलं नाही.

फिनलंडच्या नाण्यावर दगडी भिंत आहे, भिंतीत हृदयाच्या आकाराची फट आहे आणि त्या फटीत माणूस दिसतो. त्या देशाच्या उत्तरेला सामी लोक राहतात. ते तिथले आदिवासी. रेनडिअर नावाचं हरणासारखं जनावर पाळतात, मासे धरतात. त्यांच्या मुलखातली दर १० एकरांतली जवळजवळ ९ एकर जमीन सरकारच्या नावावर आहे. आदिवासींच्या जमिनीचा हक्क मानणारा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार १९८९ साली झाला. फिनलंडनं आजपर्यंत तो मान्य केलेला नाही. म्हणजे भिंतीतल्या फटीतून माणूस दिसतो हे खरं, पण त्या माणसाच्या पायाखाली कुणाची जमीन आहे ते दिसत नाही.

आणि आपलं सरकार फार वेगळं आहे असं कुणी समजू नये. १६९ क्रमांकाचा करार भारतानंही मान्य केलेला नाही. सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा १४४ देशांनी बाजूनं मत दिलं, त्यात भारत होता. पण मत देताना सांगितलं काय, तर भारतातले सगळेच लोक इथले मूळचे. म्हणजे शेठ पण मूळचा, सावकार पण मूळचा आणि आपण पण मूळचे. सगळेच मूळचे तर मग हक्क कुणाला द्यायचा? असा हा हात वर करायचा प्रकार आहे.

आपल्या सरकारची नाणी

नाण्यावर चांगली वाक्यं छापायची खोड आपल्या सरकारलाही जुनी आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्या हातातनं गेली असतील. १९७० साली २० पैशांच्या नाण्यावर सर्वांना अन्न अशा अर्थाचे शब्द होते. १९७३ साली ५० पैशांवर अधिक अन्न पिकवा. १९७५ साली समता, विकास, शांती. १९७८ साली अन्न आणि निवारा सर्वांना.

'सर्वांना अन्न' छापल्यावर २२ वर्षांनी, १९९२ साली, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत आपली लेकरं कुपोषणानं गेली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा पेपरात आलं, मंत्री आले, गाड्या आल्या. ती वीस पैशांची नाणी तेव्हाही कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीत असतील. लेकरू नाणं चघळून जगत नाही.

मग जाहीरनामा फेकून द्यायचा का?

काही साथी म्हणतात, हे सगळं परदेशी आहे, आपल्याला काय करायचं? आपला कायदा बघा, आपली ग्रामसभा बघा. आमचं त्यांच्याशी जमत नाही.

एक तर तो जाहीरनामा नुसता परक्यांचा नाही. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ते धरून लावलं आणि 'सर्व माणसं' असं करून घेतलं. आज तो शब्द जगभर आहे तो आपल्या देशातल्या एका बाईच्या हट्टामुळं. आपल्याकडं वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो, त्याच्यामागं असेच बायांचे हट्ट आहेत.

दुसरं, १७ वं कलम वाचा. त्यात म्हटलंय की माणसाला एकट्यानं आणि इतरांसोबत मिळूनही मालमत्ता बाळगायचा हक्क आहे, आणि ती मनमानीनं कुणी काढून घ्यायची नाही. 'इतरांसोबत मिळून' हे शब्द आपल्या कामाचे आहेत. गावदेवाचं रान, गुरचरण, नदीचा डोह, आपटा-मोहाची झाडं हे सगळं आपण मिळूनच बाळगत आलो. पुढं १९६६ साली या जाहीरनाम्यातून दोन करार झाले. ते नुसते जाहीरनामे नाहीत, सही करणाऱ्याला बांधतात. त्यांच्या पहिल्याच कलमात आहे की कुठल्याही लोकसमूहाचं जगण्याचं साधन कुठल्याही परिस्थितीत हिरावून घ्यायचं नाही. १० एप्रिल १९७९ ला भारत त्या करारांत सामील झाला. तेव्हाही आपल्या सरकारनं त्याच कलमाला शेपूट लावलं, की त्यातला लोकसमूहांनी स्वतःचं ठरवायचा हक्क फक्त परक्या सत्तेखालच्या लोकांना लागू, आपल्या देशातल्या लोकांना नाही. पण सही आहे, आणि सही केलेला कागद आपण पुढं धरू शकतो.

म्हणून आमचा विरोध जाहीरनाम्याला नाही. त्याला मखरात बसवायला विरोध आहे. १० डिसेंबरला हार घालायचा, भाषण करायचं, नाणं काढायचं, आणि ११ डिसेंबरला गार्डनं येऊन विळा-कोयता उचलून न्यायचा, याला विरोध आहे.

आपल्या हातातलं नाणं

आपल्या हातात आज एक नाणं आलंय. त्याचं नाव अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) कायदा, २००६. आम्ही त्याला मुद्दाम नाणं म्हणतो, कारण हा जाहीरनामा नाही, कायदा आहे. १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला हे सरकारनं या कायद्याच्या सुरुवातीलाच कबूल केलंय. हे कुणी दान दिलेलं नाही. २००२ च्या मे महिन्यात केंद्रानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं, की ३० सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं काढा. हत्ती लावून झोपड्या पाडल्या काही राज्यांत. त्याच्या विरोधात देशभरातले आदिवासी उठले, दिल्लीपर्यंत गेले, तेव्हा हा कायदा झाला.

पण साथींनो, जुने लोक चांदीचा रुपया घेताना काय करायचे? दगडावर टाकून वाजवायचे. खणखणीत वाजला तर कमरेला, बद्द वाजला तर परत शेठच्या तोंडावर. हा कायदाही आता प्रत्येक कचेरीच्या पायरीवर वाजवून बघायची वेळ आहे. आणि आम्ही गेलं वर्षभर गावोगाव फिरून जे ऐकतोय, त्यात तो कितीतरी ठिकाणी बद्द वाजतोय.

कायदा म्हणतो, अनुसूचित क्षेत्रात पाड्याचीही ग्रामसभा होऊ शकते. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीची एकच सभा, दहा पाडे एका हॉलमध्ये, कोरम नाही, सह्या रजिस्टरवर नंतर. कायदा म्हणतो, वनहक्क समितीनं दावा घ्यावा आणि लेखी पोच द्यावी. प्रत्यक्षात वरून फोन येतो, थांबा, अजून आदेश नाही. कायदा म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा. प्रत्यक्षात विचारतात, नकाशा कुठाय, सातबारा कुठाय. अरे, सातबारा असता तर दावा कशाला केला असता! कायदा म्हणतो, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला हलवायचं नाही. प्रत्यक्षात रोपवनाचे खड्डे पेरलेल्या शेतात खणले जातात.

शिवाय काही निवृत्त वन अधिकारी आणि वन्यजीववाल्या संस्था हा कायदाच रद्द करा म्हणून कोर्टात गेल्यात. त्यांचं म्हणणं, आदिवासींना जमीन दिली तर जंगल संपेल. आम्ही विचारतो, १८७८ पासून जंगल कुणाच्या ताब्यात होतं? कूप कुणी तोडले? रेल्वेचे स्लीपर कुणी नेले? १३० वर्षं राखीव ठेवून ज्यांनी उघडे डोंगर परत दिले, त्यांनी आम्हाला जंगल राखायचं शिकवू नये.

आणि या कायद्याचं नाणं नाकारणाऱ्याला शिक्षा काय? ७ व्या कलमात दंड आहे, जास्तीत जास्त १००० रुपये. म्हणजे २००८ च्या भावानं ती २ युरोची सात-आठ नाणी. एका कुटुंबाचा तीन पिढ्यांचा प्लॉट बुडवला तरी एवढंच. उलट आपल्या बापजाद्यांनी एका बैलापायी, एका मोळीपायी किती दंड भरले ते मोजा.

त्या दंडाची पावती घरात असेल तर मात्र ती जपा. ज्या कागदानं तुम्हाला चोर ठरवलं तोच कागद आज सांगतो की तुम्ही त्या साली त्या जागेवर होतात. तो खात्याच्याच दप्तरातला कागद आहे, त्याला खोटा कोण म्हणेल? आम्ही पाहिलंय, आडाला टांगलेल्या टोपलीत, उंदरानं कुरतडलेल्या, धुरानं काळ्या पडलेल्या अशा पावत्या निघतात. युरोपातले नाण्यांचे शौकीन त्यांची नाणी काचेच्या पेटीत ठेवतात. आपल्या पावत्यांची किंमत त्याच्याहून जास्त आहे. पण त्या पेटीत ठेवायच्या नाहीत, दाव्याला जोडायच्या.

सन्मान नको, हिशोब द्या

कोणी म्हणेल, नाणं काढलं तर काय बिघडलं? पोरं वाचतील, चार लोकांना कळेल. हे खरं आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. या नाण्यामुळंच आज आपण १७ वं कलम बोलतोय. पण सन्मानात एक गडबड असते. ज्याचा सन्मान होतो त्यानं गप्प बसायचं असतं. हार घातलेला माणूस मागत नाही. आदिवासी दिनाला आपल्याला नाचायला बोलावतात, डोक्यावर मोरपीस लावतात, तारप्याचा फोटो काढतात. त्या वेळी कुणी प्लॉटचं बोललं की म्हणतात, आज नको, आज कार्यक्रम आहे. हक्काचं तसंच करतात. त्याला इतकं उंच ठेवतात की हात पोचू नये.

हक्क हातात खेळायला पाहिजे, नाण्यासारखा. मळला पाहिजे, झिजला पाहिजे, या हातातून त्या हातात गेला पाहिजे. ज्या दिवशी पाड्यावरची कुठलीही बाई पट्टा दाखवेल आणि गार्ड मुकाट्यानं मागं फिरेल, त्या दिवशी आम्ही म्हणू की मानवी हक्काचं नाणं चाललं. त्यावर कुणाचं चित्र आहे ते नंतर बघू.

तोपर्यंत करायची कामं ही:

१. पाड्याची ग्रामसभा पाड्यातच घ्या. नियमाप्रमाणं किमान निम्मे लोक हजर पाहिजेत, तेवढे जमवा. वनहक्क समितीत १० ते १५ जण असतात, त्यात किमान एक तृतीयांश बाया आहेत का बघा. नुसत्या नावाला नको, मोजणीला शेतात जाणाऱ्या पाहिजेत.

२. दावा दिला की लेखी पोच घ्या. पोच नाही तर दावा दिलाच नाही असं समजा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, कुणीही सांगितलं तरी.

३. एकावर भागवू नका, एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. दंडाची पावती, केसचा कागद, म्हाताऱ्यांचा जबाब, विहीर, बांध, जुनं झाड, मसणवट, देवस्थान. म्हातारे आहेत तोवर जबाब लिहून घ्या. माणूस गेला की पुरावा गेला.

४. वैयक्तिक दाव्यावर थांबू नका. गावाच्या जंगलाचा सामूहिक दावा टाका. कायद्याच्या ३ ऱ्या कलमात जंगल राखायचा आणि वाढवायचा हक्क गावाचा आहे. कचेरीवाले हा फॉर्म लवकर देत नाहीत, मागून घ्या.

५. दावा फेटाळला, किंवा चार एकराचे दहा गुंठे केले, तर घरी बसू नका. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय समितीकडं अर्ज करता येतो. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अर्ज निकाली काढता येत नाही.

६. तपासणी पुरी होण्याआधी कोणी खड्डे खणायला, तार मारायला आलं तर सगळ्या पाड्यानं एकत्र जावं. कायद्याचं ४ थं कलम, ५ वं पोटकलम दाखवावं. भांडण करू नका, पण जागाही सोडू नका. त्या दिवसाची तारीख आणि साहेबाचा हुद्दा लिहून ठेवा.

आजीनं विचारलं होतं, ह्याच्यात आपला प्लॉट कुठं हाय. उत्तर असं आहे की त्या नाण्यात नाही, आणि सरकारनं आणखी शंभर नाणी काढली तरी त्यात नसेल. तो आपण नांगरतो तिथं आहे, आणि आपण उठलो नाही तोवर तिथंच राहील. कायदा आपण मिळवलाय. आता प्रत्येक कचेरीत तो वाजवून घ्यायचा, आणि बद्द वाजला तर गप्प परत यायचं नाही.

पुढची तालुका बैठक नेहमीच्या जागी, बाजाराच्या दिवशी. येताना पोच पावत्या आणि नाकारलेल्या दाव्यांचे कागद आणा. यादी करायची आहे.

जिंदाबाद!

— बुलेटिन गटाच्या वतीनं